आधी इंजनाला

आप्पांनी पाण्याचा घोट तोंडात घेतला, की गाडीतले आम्ही सगळे गप्प बसायचो. ते पाणी या गालातून त्या गालात फिरायचं, डोळे मिटायचे, कपाळावर आठी उमटायची आणि मग पचकन रस्त्याच्या कडेला पिचकारी. त्यानंतर निकाल. “गोडं हाय. चालंल.” नाहीतर, “जड हाय. आतनं खार धरंल. म्होरं बघू.”

हे पाणी त्यांना प्यायचं नसायचं, ते मोटारीसाठी असायचं. बॉनेट उघडून, फडक्यानं रेडिएटरचं झाकण सोडवून, लांब तोटीच्या पत्र्याच्या झारीनं ते मोटारीला पाणी पाजायचे. मी एकदा चुकून ‘ओतायचं’ म्हणालो तर त्यांना राग आला होता. आणि तोवर गाडीतल्या माणसानं, घशाला कितीही कोरड पडलेली असो, पाण्याला हात लावायचा नाही. “आधी इंजनाला, मंग माणसाला.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्या कामात हयात गेली त्या कामाचे नियम ती पुढं सगळ्या जगाला लावत सुटतात. निवृत्त फौजदार नातवाचा जबाब घेतो, निवृत्त मास्तर भाजीवालीची बेरीज तपासतो. आप्पा दौंडच्या रेल्वे शेडमध्ये वाफेच्या इंजिनांचे फिटर होते. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा त्यांना डिझेलकडे टाकलं. तिथं त्यांचं मन रमलं नाही. “डिझेल म्हंजी काय, रुळावर पळणारी पिठाची गिरणी,” असं म्हणत त्यांनी उरलेली नोकरी कशीबशी रेटली आणि रेल्वे वसाहतीच्या मागं, आमच्या गल्लीत घर बांधून राहायला आले.

आमची गट्टी जमायला एकच कारण होतं. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होतो. गल्लीत बँकेतले होते, शाळेतले होते, पण आप्पांच्या लेखी माणूस मी एकटाच, कारण मी वाफेचं खात होतो. सकाळी पाळीला निघालो की ते ओट्यावरून विचारायचे, “काय म्हणतोय बॉयलर?” घरच्यांची खुशाली विचारावी तसं. मीही सांगायचो, बरा आहे, काल जरा कुरकुरत होता.

वाफेचं इंजिन पाण्यावर जगतं, हे आधी सांगायला हवं. पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून भसाभस निघून जाते. म्हणून पुढच्या स्टेशनात पुन्हा पाणी. जे इंजिन पाणी पीत नाही ते मेलेलं. हे आप्पांच्या अंगात मुरलं होतं. मोटारीच्या इंजिनातलं पाणी मात्र नुसतं फिरत असतं. इंजिनाची धग घेतं, समोरच्या जाळीत येऊन गार होतं, परत आत जातं. ते खपायला नको. खपत असेल तर कुठंतरी गळतंय. एवढी साधी गोष्ट, पण ती आप्पांना पटवता पटवता आम्ही सगळे थकलो.

मोटार त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पुण्यात नंबर लागेना. शिरूरला एका डॉक्टरांनी डायलिसिसची सोय नव्यानंच सुरू केली होती आणि आप्पांची लेक शिरूरलाच दिली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मावशींना तिथं न्यायचं, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, लेकीकडे जरा टेकायचं आणि परतायचं, असं ठरलं. एस.टी. बदलत जाणं त्यांच्या अंगात राहिलं नव्हतं. डायलिसिसची एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, ते फुफ्फुसात शिरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून ती गोल नाकाची, तिसऱ्या-चौथ्या मालकाची जुनी मोटार.

मावशी राहू गावच्या. नदीकाठच्या उसात वाढलेल्या, त्यामुळे जीभ गोड असावी असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. “ह्यांनी माझ्यासाठी गाडी घेतली न्हाई बरं का,” त्या मला सांगायच्या, “ह्यांना इंजन पायजे व्हतं. मी आजारी पडले, सबब मिळाली.” आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मागच्या सीटवर मावशी नीट टेकल्या, पदर आवरला, की त्या म्हणायच्या, “हं, सोडा.” त्याशिवाय आप्पा गाडी हलवत नसत. गार्डानं हिरवा बावटा दाखवल्याबिगर ड्रायव्हर गाडी सोडत नाही, हा नियम. एकदा मावशी मुद्दामच बोलल्या नाहीत. आप्पा स्टेअरिंगला हात लावून बसून राहिले आणि गल्लीतली पोरं खिदळायला लागली. शेवटी “सोडा की आता, इथंच म्हातारं व्हायचंय का?” असा हिरवा दिवा मिळाला.

माझी सुट्टी शुक्रवारी यायची, म्हणून मी बऱ्याचदा सोबत जायचो. दौंड ते पाटस, मग चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे, शिरूर. या वाटेवर आप्पांनी आपली स्टेशनं ठरवली होती. पाटसचं पाणी जड, नाइलाज असेल तरच. चौफुल्याला चहावाल्याच्या मागं हातपंप, तो बरा. पारगावला पुलाच्या अलीकडे एका मळ्याची विहीर होती. तिचं पाणी सगळ्यांत गोडं. मळ्याच्या मालकानं सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं, पेशंटला पाणी हवंय का? आप्पा म्हणाले, “न्हाई, पेशंटला नको. इंजनाला.” त्यानं पुढं विचारणं सोडलं.

पेशंटला नको, हे खरंच होतं. मावशींना पाणी मोजून होतं. दिवसभरात एक छोटी बाटली, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचा घोट. आप्पा ते पाणी थर्मासच्या झाकणातून द्यायचे, अर्धं झाकण, कधी त्याहून कमी. फार कोरड पडली तर लिंबाची फोड जिभेला लावायची. इंजिनाचं आणि मावशींचं, दोन्ही पाणी एकाच माणसाच्या हातात होतं. तिकडं झारीच्या झारी रिकाम्या होत होत्या आणि इकडं झाकण अर्धं. आप्पा चव बघून चांगलं गोडं पाणी रस्त्यावर थुंकायचे तेव्हा मावशी काचेतून बघत असायच्या. मी तोंड फिरवायचो. एकदा त्या हसून म्हणाल्या, “पुढच्या जल्मी इंजन व्हते मी. भरपूर प्यायला तरी मिळंल.” आप्पा झारी हातात घेऊन तसेच उभे राहिले. दुसऱ्या खेपेपासून ते चव बघायला मळ्याच्या पलीकडे, बाभळीआड जायला लागले.

मोटार पाणी खाते हे पहिल्यांदा सांगितलं ते मिस्त्रीनं. रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीच्या अलीकडे त्याचं गॅरेज होतं. बोलायला हिंदीमिश्रित मराठी, हाताला गुण. त्यानं गाडी जागेवर चालू ठेवली, खाली वाकून बघितलं आणि रबरी पाइपाच्या तोंडाशी बोट लावलं. क्लिप ढिली पडली होती आणि तिथून थेंब थेंब येत होता. त्यानं पाइप बदलला, क्लिप आवळली, रेडिएटर काढून हौदात बुडवला, हवा भरली, बुडबुडे कुठं येतात ते बघून तिथं झाळ मारली. मग हिरवं कूलंट भरून म्हणाला, “आप्पा, आता महिनाभर झाकण उघडायचं नाही.”

आप्पांनी घरी येऊन ते हिरवं पाणी गटारीत सोडलं. “असलं शेवाळ पाजत्यात का इंजनाला?” आणि साधं पाणी भरून पुन्हा आपला प्रवास सुरू. आता मजा अशी, की खाली एक थेंबही पडत नव्हता. मिस्त्रीनं गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरून बघितली, कागद कोरडे ठणठणीत. तरी शिरूर गाठेपर्यंत तीन झाऱ्या लागायच्याच. आणि सकाळी गाडी चालू केली की मागच्या नळीतून पांढराशुभ्र धूर निघायचा, भरपूर, आणि थांबायचाच नाही.

बॉयलरवर काम करत असल्यानं मला शंका आली होती. मिस्त्रीला तर खात्रीच होती. तो म्हणाला, “हेड गॅस्केट गेलं. पानी अंदरच जळतंय. इंजिन खोलावं लागेल.” इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामध्ये एक पातळ पत्र्याची चकती असते. ती कुठं जळली, की फिरतं पाणी स्फोटाच्या जागेत शिरतं आणि वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जातं. खाली थेंब पडत नाही म्हणून कळत नाही. तो पांढरा धूर म्हणजे इंजिनाचं रक्तच चाललेलं असतं.

आप्पा तो धूर बघून खूश व्हायचे. हे ऐकून तुम्हाला हसू येईल, मलाही तेव्हा यायचं. शेडमध्ये काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाही, फायरमन आळशी. पांढरी वाफ म्हणजे इंजिन तब्येतीत. पंचवीस वर्षं त्यांनी याच खुणेवर इंजिनं पास केली होती. “बघ, कशी पांढरी वाफ हाय! दुधासारखी. काळं टाकलं असतं तर काळजी.”

“आप्पा, मोटारीत वाफ व्हायलाच नको,” मी म्हणालो. “पाणी नुसतं फिरतं. खपत नाही.”

“काम केल्यावर खपत न्हाई? तू काम करतो तवा तुझा घाम जात न्हाई व्हय?”

“मोटारीला घाम नसतो.”

“मंग ती इंजनच न्हाई,” आप्पांनी निकाल दिला. “आन् ही इंजन हाय. पाणी न पिणारं इंजन मला दाखव, मी तुझ्या मिस्त्रीच्या हातात गाडी देतो.”

आतून मावशींचा आवाज आला, “डाळीतलं पाणी आटलं तर बाई भांडं बघती, जाळ बघती. हे भांड्यालाच शाब्बास म्हणत्यात.” पण इंजिन खोलायचं म्हणजे गाडी चार-आठ दिवस बसणार, मग मंगळवार-शुक्रवारचं काय, हाही प्रश्न होता. आप्पांच्या हट्टाला ती एक भक्कम टेकण मिळाली. तर असं ते चालत राहिलं.

पुढचा उन्हाळा फार कडक गेला. त्या शुक्रवारी चौफुला सोडला तेव्हाच तापमानाचा काटा वर सरकला होता. पारगावच्या विहिरीवर थांबलो. झाकणातून वाफेचा फवारा उडाला. आप्पांनी झारी रिकामी केली, आणखी एक केली. इंजिन गटागट पीत होतं. “तापलीया बिचारी,” म्हणत त्यांनी तिसरी आणली. मावशी मागं लिंबाची फोड ओठात धरून बसल्या होत्या. दोन पाळ्यांमधल्या तीन दिवसांत सूज पोटऱ्यांपर्यंत आली होती, बोलताना दम लागत होता. “हं, सोडा,” त्या म्हणाल्या, पण आवाज नव्हता. पुलाच्या बरोबर मध्यावर इंजिनातून कुणी खडे दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली ती थांबलीच.

आप्पांनी बॉनेट उघडून हातोडीच्या दांड्यानं इंजिन ठोकलं, कान लावून ऐकलं, पुन्हा ठोकलं. शेडमध्ये ते असंच करायचे, बॉयलरचं दुखणं आवाजावरून ओळखायचे. इथं त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मी रस्त्यात आडवा उभा राहून कोथिंबिरीचा एक टेम्पो थांबवला. मावशींना उचलून पुढं बसवलं. टेम्पो निघाला तेव्हा आप्पा पुलावरच उभे होते, हातात झारी, कारण गाडी रस्त्यात सोडून यायचं की यायचं नाही हे त्यांना सुचेना. मी ओरडल्यावर ते मागून धावत आले आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर चढले.

शिरूरला पोचलो तोवर मावशींच्या यंत्रावर दुसरा पेशंट लागला होता. सिस्टरांनी धावपळ करून त्यांना मधे बसवलं, पण निम्मीच पाळी झाली. लेक दारात उभी होती. बापाच्या अंगाला चिकटलेली कोथिंबिरीची पानं तिनं न बोलता काढून टाकली. चार दिवस मावशींना तिथंच ठेवलं. त्यात हृदयावर ताण आल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, असंही होणारच होतं. आप्पांनी मान डोलावली, पण त्या शब्दांवर त्यांचा अजिबात विश्वास बसला नव्हता. मला ते दिसत होतं.

गाडी टोचन लावून दौंडला आणली. आप्पा स्वतः मिस्त्रीकडं गेले आणि म्हणाले, “खोल.” इंजिन उघडलं तेव्हा मी तिथं होतो. मिस्त्रीनं ती चकती काढून उजेडात धरली. दोन भोकांच्या मधली पट्टी जळून काळी पडली होती आणि तिथं केस जाईल एवढी फट होती. आप्पांनी चकती हातात घेतली. त्या फटीवरून अंगठ्याचं नख दोन-तीनदा फिरवलं.

“एवढ्यातनं?”

“एवढ्यातनंच, आप्पा,” मिस्त्री म्हणाला. “जास्त काय लागतंय?”

“आन् ती पांढरी वाफ...”

मिस्त्री पाने गोळा करायला लागला. भला माणूस होता.

“मी त्या वाफेला शाब्बास म्हणत व्हतो,” आप्पा म्हणाले. चकती त्यांनी पुसली आणि जपून बाकावर ठेवली. त्यांना रागावणारं त्या दिवशी कुणीच नव्हतं आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

मिस्त्रीनं हेड घासून आणलं, नवं गॅस्केट बसवलं, नट एकेक करून आवळले, हिरवं कूलंट भरलं. तोपर्यंतच्या खेपा भाड्याच्या जीपनं झाल्या. गाडी परत आली ती अगदी गुणी होऊन. मागच्या नळीतून काही दिसत नव्हतं. आप्पांनी सवयीनं चौफुल्याला थांबून, गाडी निवल्यावर झाकण उघडलं. हिरवं पाणी काठाशी तसंच. न्हावऱ्याला पाहिलं, तसंच. त्यांनी झाकण लावलं आणि फडक्यानं हात पुसत राहिले. “पीत न्हाई ही आता,” ते मला हळू आवाजात म्हणाले. दुरुस्त झालेल्या गाडीविषयी कुणी इतक्या काळजीनं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आणि मावशी खालावत होत्या. यंत्र लावलं की ब्लडप्रेशर खाली जायचं, पाळी अर्ध्यात थांबवावी लागायची. अन्न तोंडाजवळ नेलं की उमळून यायचं. बोलणं मात्र सुटलं नव्हतं. “गाडी बरी झाली ना?” त्या म्हणायच्या. “मला बी त्या मिस्त्रीकडं न्यायला पायजे व्हतं.”

असाच एक शुक्रवार. पाळी मधेच थांबवून डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. आप्पा पुढं, मी मागं. डॉक्टर तरुण होते, आप्पांकडे बघून बोलणं त्यांना जड जात होतं. म्हणाले, “आता त्यांना जे हवं ते द्या. खाण्याचं पथ्य राहू दे. पाण्याचंही फार बघू नका. मनासारखं पिऊ द्या.”

“म्हंजी पाणी वाढवलं?” आप्पांनी विचारलं.

“हो. वाढवलं म्हणा.”

“मंग बरंच म्हणायचं की,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मला वाटलं, हा माणूस पुन्हा तेच करतोय, पांढऱ्या वाफेला शाब्बास म्हणतोय. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, पण कोणत्या तोंडानं सांगणार?

परत येताना आप्पांनी पारगावला, त्या विहिरीपाशी गाडी थांबवली. काही कारण नव्हतं, काटा जागेवर होता. ते उतरले, मळ्यात गेले आणि स्टीलचा मोठा पेला काठोकाठ भरून घेऊन आले. मळ्याच्या मालकाकडून मागून आणला असावा. पाणी सांडू नये म्हणून पेल्यावर नजर ठेवून, एकेक पाऊल टाकत येत होते. मागचं दार उघडून त्यांनी पेला मावशींपुढं धरला.

मावशींनी पेल्याकडं पाहिलं. दोन वर्षांत एवढं पाणी त्यांच्यासमोर कुणी धरलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं. बोलायची गरजच नव्हती. त्या भरलेल्या पेल्यानं जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

“आज एवढं?” त्या म्हणाल्या.

“डॉक्टरनी वाढवलंय,” आप्पा म्हणाले. “सुधारणा हाय म्हणला.”

“व्हय?” मावशी म्हणाल्या. “आन् इंजनाला? आधी इंजनाला ना?”

“त्याला नको. ते भरल्यालं हाय. तू पी आधी.”

मावशींनी पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी त्यांना जात नव्हतं. दोन घोट गेले आणि तिसऱ्याला पोटातून कळ आली, ती आम्हाला दोघांनाही दिसली. तरी त्या प्यायल्या. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा पेला तोंडाला लावून, तळाशी येईपर्यंत प्यायल्या. आप्पा दाराला धरून, वाकून बघत होते, इंजिनात पाणी उतरताना बघायचे तसेच. पेला रिकामा झाला तसे म्हणाले, “शाब्बास.”

“गोडं हाय,” मावशी म्हणाल्या. “चालंल.” आणि पदरानं ओठ टिपून मागं टेकल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “हं, सोडा.”

पुढच्या मंगळवारपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या, भन्तेजींची वंदना चालली होती आणि आप्पा आल्यागेल्याला पाणी देत फिरत होते. तांब्या-पेला घेऊन, प्रत्येकाला, दोनदा-तीनदा. लोक नको म्हणाले तरी पेला पुढं करत होते. शेवटी लेकीनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि त्यांना भिंतीशी बसवलं.

गाडी त्यांनी नंतर चालवली नाही. एकदा मी म्हणालो, चला, चक्कर मारून येऊ, बॅटरी उतरेल. ते जाऊन स्टेअरिंगला हात लावून बसले. चावी फिरवली, इंजिन लगेच चालू झालं, मी शेजारी बसलो. बराच वेळ गाडी जागीच गुरगुरत राहिली. मग त्यांनी चावी काढली आणि उतरून घरात गेले. मागची सीट मोकळी होती, सोडा म्हणायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी ते आमच्याकडं येऊन बसायचे. माझी बायको रीतीप्रमाणं पाण्याचा पेला आणून ठेवायची. आप्पा त्याला हात लावायचे नाहीत. अशाच एका शुक्रवारी, कंपनीतल्या बॉयलरची चौकशी करता करता, पेल्याकडं बघत ते म्हणाले, “शेडमधनं इंजन मोडीत जायचं ना, तवा शेवटच्या फेरीला आम्ही त्याची टाकी काठोकाठ भरायचो. जायचं असायचं दोन कोसावर, यार्डाच्या कडंला. एवढं पाणी लागायचं न्हाई. पण भरायचो. गोडं पाणी, चव बघून.”

मी पेला त्यांच्याकडं जरा सरकवला.

“डॉक्टर काय म्हणला ते मला तवाच कळलं व्हतं,” आप्पा म्हणाले. “एकदा चुकलो, दोनदा कसा चुकंन? पण ती पीत व्हती. तिला वाटलं, मला कळलं न्हाई. म्हणून माझ्यासाठी सगळं पाणी प्याली. मंग मी बी शाब्बास म्हणलो. दुसरं काय म्हणणार?”

ते उठून गेले. पेला तसाच भरलेला राहिला.

पुढं लेक त्यांना शिरूरला घेऊन गेली. तिथंच, पावसाळा संपता संपता, ते गेले. मी उशिरा पोचलो, घोड नदीकाठची राख निवलेली होती. लेकीनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मी पेला हातात धरून बसलो आणि मला ते पिता येईना.

मोटार अजून आमच्या गल्लीत, आप्पांच्या बंद घरापुढं उभी आहे. चाकं बसली आहेत, टपावर कडुलिंबाच्या काड्या पडतात. लेकीनं विकायला सांगितली म्हणून परवा मी मिस्त्रीला घेऊन आलो. त्यानं बॉनेट वर केलं, फडक्यानं धूळ झटकली आणि रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहिलं. मग बाजूला होऊन मला म्हणाला, तुम्हीच बघा. पाणी काठोकाठ होतं. एक थेंब कमी झालेला नव्हता.